वैऱ्याचा पूल

लढाईच्या दिवसांत कराडहून पूर्वेकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर दगडी पूल बांधायचं काम चाललं होतं. मी तिथे ओव्हरसियर होतो. लोकांनी त्याचं 'वरशेर' केलं होतं. पूल काही फार मोठा नव्हता. नदी म्हणायची ती पावसाळ्यापुरती, एरवी नुसती वाळू. आज त्यावरून उसाच्या गाड्या जातात आणि सर्व्हिस मोटारी जातात, आणि जाणाऱ्याला पुलाकडे बघायचं काही कारण नसतं. मला आहे. त्या पुलावरची एक गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. न सांगणं मला जड गेलं नाही, कारण मी मुळातच कमी बोलणारा. आई म्हणायची, याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खोल आडातून पोहरा ओढायचा.

अशा माणसाकडे रोज सकाळी बोलायचं काम आलं.

आमचे मोठे साहेब पलटणीबरोबर कुठेकुठे पूल बांधून परत आलेले. तिकडची एक शिस्त त्यांनी बरोबर आणली होती. सकाळी हजेरी झाली की कामाला हात लावण्याआधी सगळ्यांना एका जागी उभं करायचं, आणि आजच्या कामात माणसाला इजा कशानं होईल ते सांगायचं. एका दिवशी एकच गोष्ट. "दहा सांगाल तर एकही राहणार नाही," ते म्हणाले. "आणि पुस्तकातलं नको. आदल्या संध्याकाळी कामावरून एक फेरी मारा. उद्या काय व्हायचंय ते बघा, त्यात माणूस कुठं सापडेल ते ठरवा, आणि तेवढंच बोला."

संध्याकाळची फेरी मला आवडू लागली. माणसं गेलेली असत, चुन्याच्या घाणीचे बैल सुटलेले असत, वाळूत पावलांचे ठसे तेवढे उरत. मी परांचीखाली उभा राहून वरच्या फळ्यांची टोकं बघायचो. उद्या कळीचा चुना भिजवायचा असेल तर हौदापाशी थांबायचो, वारा कुठून येतो ते बघायचो. मग कोठीच्या दारामागे टांगलेल्या पाटीवर एक शब्द लिहायचा. फळी. चुना. शिडी. उद्याचं बोलणं त्या शब्दावर. योजना म्हणायची ती एवढीच, पण ती करताना मला आपण काहीतरी नेमकं करतोय असं वाटायचं. बोलायची वेळ मात्र सकाळी यायची.

पहिल्या दिवशी शब्द होता 'फळी'. मी उभा राहिलो आणि घसा साफ करून म्हणालो, "परांचीची फळी बांधलेली नसेल तर पाय पडल्याबरोबर उलटते. माणूस खाली दगडावर पडतो. कंबर मोडते, नाहीतर जीव जातो."

कुणी हललं नाही. मग एक बाई घमेलं खाली ठेवून सरळ गावाच्या वाटेला लागली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. बाप्ये जागेवरच उभे राहिले, पण परांचीवर चढायला कुणी पुढं होईना. मुकादम माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हनं मांडवाला आग लागली."

चुन्याच्या घाणीवर एक म्हातारी होती. घाणीचं दगडी चाक फिरताना ती वाळू आणि चुना आत लोटत असे. तिनं मला बोलावून घेतलं, आणि नातवाला समजवावं तशी सांगायला लागली.

"लेकरा, सकाळच्या पारी तोंडातनं असलं काढू ने. वास्तू तथास्तु म्हनती."

"आजी, हा पूल आहे. पुलाला कुठली वास्तू?"

"मानसानं बांधलं की वास्तूच झाली की. ती काय तुला इचारून तथास्तु म्हननार हाय व्हय? ती बसलीया कान लावून."

मी हसलो नाही. माझ्या घरीही दिवा विझवला असं म्हणत नसत आणि बाहेर पडताना जातो म्हणत नसत. मी मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं की लोक ऐकायला तयार नाहीत. ते म्हणाले, "ऐकायला तयार नाहीत असं होत नसतं. सांगायची रीत सापडलेली नसते. शोधा."

रीत मुकादमानं सांगितली, तीसुद्धा चिलीम भरता भरता. "आवं वरशेर, त्यात काय हाय? वाईट बोलायचं तर वैऱ्याच्या नावानं बोलायचं. आमची म्हातारी सापाचं सांगायची तरी वैऱ्याच्याच घरात साप निगायचा."

दुसऱ्या दिवशी मी तसं बोललो. म्हणालो, "ओढ्याच्या पलीकडं वैऱ्याचं पुलाचं काम चाललंय. काल वैऱ्यानं चुन्याच्या हौदात पाणी ओतलं, आणि आत काय शिजतंय म्हणून वाकून बघायला लागला."

मागून कुणीतरी विचारलं, "काय शिजत हुतं?"

"त्याचे डोळे," मी म्हणालो.

हशा पिकला. घाणीवरची म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. त्या दिवशी हौदावर प्रत्येकजण तोंड फिरवून पाणी ओतत होता आणि ओतताना शेजारच्याला म्हणत होता, "बग की वाकून, वैऱ्यागत."

तिथून पुढं ते चालूच झालं. वैऱ्याचा पूल रोज थोडा थोडा बांधला जाऊ लागला, आणि रोज तिथं काही ना काही घडू लागलं. वैरी शिडी भिंतीला सरळ उभी लावायचा आणि शिडीसकट मागं यायचा. वैरी सुरुंगाची वात पेटवून चिलीम ओढत बसायचा. लोकांनी वैऱ्याला एक बायको दिली. तिचं बोलणंही मीच रचायचो. एकीनं विचारलं, "वैऱ्याची बायको त्याला काय बोलत न्हाई का वो?" मी म्हणालो, "बोलते की. पण तो म्हणतो, मी वरशेर आहे, मला सगळं कळतं." त्यावर मुकादमाची चिलीम खाली पडली.

यातलं काही खोटं नाही: कामावर इजा कमी झाली. परांचीवर लोक एकमेकांना "आरं वैऱ्या, फळी बग की" म्हणून अडवायचे. मोठे साहेब खूष होते. पण मी आता जे लिहितोय ते त्यांच्यासाठी नाही. मला ते बोलणं आवडायला लागलं होतं. आयुष्यात कधी माझ्या बोलण्यावर चारचौघं हसले नव्हते. बैठकीत मी कोपऱ्यात बसणारा. इथं माणसं सकाळी लवकर येऊन पुढची जागा धरत होती आणि विचारत होती, "आज वैऱ्याचं काय?" संध्याकाळच्या फेरीत मी धोका शोधायचो तो हळूहळू कमी, आणि उद्याच्या गोष्टीसाठी मजेचं काय मिळतं ते जास्त. हे त्या वेळी मला कळलं नाही. आता कळतं.

कामावर दोघे भाऊ होते. मूळ पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले, घरची मेंढरं, थोडं शेत आणि एक विहीर. विहिरीचं पाणी गेलं, मोट बंद झाली, म्हणून बैलजोडी आणि मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, घेऊन दोघं पुलावर आले. लढाईमुळे बाजारात चांगला जाड दोर मिळत नव्हता, आणि आम्हाला दगड वर चढवायचे होते. मुकादमानं युक्ती केली. कमानीवर तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, त्याला कप्पी बांधली, आणि मोटेची तऱ्हा तशीच इथं आणली. नाड्याचं एक टोक दगडाला, दुसरं बैलांच्या जुवाला. थोरला बैल घेऊन उतारावरून खाली चालत जायचा, दगड मोटेसारखा वर यायचा. धाकटा खाली वाळूत उभा राहून दगडाला नाडा बांधायचा, आणि दगड डोक्याच्या वर जाईपर्यंत त्याला हातानं धरून भिंतीवर आपटू द्यायचा नाही.

थोरल्याचं नाड्यावर फार लक्ष. मोट हाकणाऱ्याचं असतंच, नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल तोंडावर. रोज सकाळी तो नाडा हातातून पुढं ओढत, दोन्ही हात पसरून वाव वाव करत, सबंध बघून घ्यायचा. भाऊ त्याची टिंगल करायचा. "दादा वयनीकडंबी इतकं बगत न्हाई." थोरला म्हणायचा, "वयनी तुटत न्हाई रं."

रात्री दोर चोरीला जाऊ नयेत म्हणून ते माझ्या कोठीत कुलपात राहत. नाडाही तिथंच.

मधल्या कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा दगड, ज्याला चावीचा दगड म्हणतात, तो बसवायचा दिवस ठरला. तो बसला की कमान आपल्या बळावर उभी राहते. त्या दिवशी पूजा होती, नारळ वाढवायचा होता. मोठे साहेब वरच्या कचेरीतल्या एका अधिकाऱ्यांना घेऊन येणार होते. आणि मोठे साहेब मला म्हणाले होते, "तुमचं ते वैऱ्याचं त्यांना ऐकवायचंय. चांगलं काहीतरी तयार करून ठेवा."

आदल्या संध्याकाळी मी फेरी मारली आणि कोठीत आलो. थोरला नाडा वेटोळं करून ठेवून गेला होता. पाटीवर लिहायला शब्द सापडत नव्हता म्हणून मी सहज वेटोळ्यावर हात फिरवला. नाड्याला एका जागी सांधा होता. कप्पीच्या कडेवर घासून तिथला एक पीळ तुटला होता आणि दुसरा पिंजून कापसासारखा झाला होता. दिवसभराच्या कामात शेवटी शेवटी झालं असावं.

मी दिवा जवळ घेऊन बघितलं. स्वच्छ दिसत होतं. उद्या दगड चढवायचा नाही, एवढंच म्हणायचं होतं. मग कराडला माणूस पाठवा, दोर मिळेपर्यंत थांबा, पाहुण्यांना परत पाठवा. मी मनात म्हणालो, एकच दगड तर चढवायचाय. एक दगड नाडा सोसेल. परवा बदलू.

आणि मी पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिलं: दोर.

हे मला आजही नीट उलगडून सांगता येत नाही, पण त्या वेळी तो शब्द लिहिल्यावर मला बरं वाटलं. सांगणार आहोत म्हणजे काहीतरी केलंच, असं मनानं धरलं.

सकाळी तिकाटण्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, कप्पीला हळदकुंकू लावलं होतं. पाहुण्यांसाठी खुर्ची आणली होती. मी नाडा लवकरच बाहेर काढून कप्पीवरून ओढायला लावला होता, म्हणजे पूजेत तोही यावा. थोरला बैलांची शिंगं पुसून आला. नाडा आधीच वर चढवलेला बघून थबकला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वरशेर, नाडा जरा खाली घ्या की. बगून घेतो."

पाहुणे खुर्चीत बसत होते. मी म्हणालो, "मी बघितलाय. बैल जुंप."

तो गेला.

मग मी बोललो. त्या दिवशी फार छान बोललो. वैऱ्याच्या पुलावर आज मोठी पूजा होती, म्हणालो. वैऱ्यानं नवं धोतर नेसलं, बैलांना झूल घातली, सगळं सजवलं, फक्त दोराकडं बघायचं तेवढं राहिलं. दोर मधोमध झिजला होता, उंदरानं कुरतडल्यासारखा. बायको म्हणाली, दोर बघा. वैरी म्हणाला, दोर मला ओळखतो, माझ्यावर तुटायचा नाही. लोक हसले. पाहुणेही हसले. थोरला बैलांपाशी उभा होता, तो सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "वैऱ्याचं डोळं चुन्यात गेल्यालं, दिसंल कुटनं?" त्यावर पुन्हा हशा.

नारळ वाढवला. बैल चालू लागले. दगड वाळूतून सुटला, धाकट्यानं त्याला हात लावून भिंतीपासून दूर धरलं. दगड त्याच्या छातीएवढा वर गेला आणि नाडा तुटला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. बैल गुडघ्यावर पडले, थोरला त्यांच्या पुढ्यात तोंडावर पडला. तिकडे वाळूत धाकटा बसल्यासारखा दिसत होता. दगड त्याच्या पायावर होता.

पाहुण्यांच्या मोटारीतून त्याला सांगलीकडे नेलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मुकादमानं नाड्याचं तुटलेलं टोक उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि थोरल्याकडे वळला. "आरं, तू रोज बगतोस. आजच का न्हाई बगितलास?"

थोरल्याच्या नाकातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "वरशेर म्हनलं, मी बगितलाय."

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मोठे साहेबही. मी काय करावं ते अजून ठरवत होतो, खरंच ठरवत होतो, आणि ठरवता ठरवता गप्प राहिलो. मी नाही असं म्हणालो नाही. पण कमी बोलणाऱ्या माणसाचं गप्प राहणं लोक आपापल्या परीनं वाचतात. मुकादमानं ते माझ्यासाठी वाचून टाकलं. "वरशेर सकाळी घसा फोडून सांगत हुतं, दोर बगा, दोर बगा. तू हसत हुतास. सगळ्यांनी बगितलंय. आन् आता त्यांच्यावर घालतोस व्हय?"

थोरल्यानं आणखी एकदा माझ्याकडे बघितलं. मग तो बैलांना उठवायला गेला.

चौकशी झाली ती माझ्या बाजूनं झाली. त्या दिवशी सकाळी नेमक्या त्याच धोक्याची सूचना दिलेली होती, पाहुण्या अधिकाऱ्यांनी स्वतः ऐकली होती. इतकी चोख व्यवस्था क्वचित असते असं ते म्हणाले. घाणीवरच्या म्हातारीला मात्र ते पटलं नव्हतं. ती मला म्हणाली, "वैऱ्याच्या नावानं बोललास, पर वास्तूनं कानाआड न्हाई केलं बाबा." तिच्या मते माझ्या तोंडानं झालं, साहेबांच्या मते माझ्या तोंडानं वाचवायचा प्रयत्न केला. खरं दोन्हीत नव्हतं, आणि दोन्हीत मला राहता येत होतं. भाऊ बैल घेऊन गावाला निघून गेले. मला वरची जागा मिळाली.

पुढं स्वराज्य आलं. माझी बदली सांगलीला झाली आणि मी विश्रामबागेत बिऱ्हाड केलं. एका मोठ्या कोठाराच्या बांधकामावर सहज गेलो असताना सकाळची वेळ होती. तिथला तरुण ओव्हरसियर लोकांना उभं करून बोलत होता. वैऱ्याच्या नावानं बोलत होता. ती रीत आमच्या पुलावरून माणसांबरोबर एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरत तिथवर गेली होती. मला आधी बरंच वाटलं. मी माणसांच्या मागे उभा राहिलो.

तो सांगत होता, "वैऱ्याच्या पुलावर एक मोटकरी होता. त्याला सायबानं सांगितलं, दोर बघ. तो नुसता हसला. हसत हसत बैल हाकले, आणि आपल्या सख्ख्या भावाचा पाय घालवला." मग त्यानं थोरल्याची ती चुन्यातल्या डोळ्यांची थट्टाही सांगितली, शब्द न चुकता. लोक हसले. एकजण म्हणाला, "असला भाऊ वैऱ्यालाबी मिळू ने."

थोरला आता वैरी झाला होता. मी तिथून निघालो.

त्यानंतर काही दिवसांनी सर्व्हिस मोटारीनं, पुढं पायी, मी त्यांच्या गावाला गेलो. उन्हाळा होता. वेशीतच एका माणसाला घर विचारलं तर त्यानं विचारलं, "कुनाचं? लंगड्याचं का दोरवाल्याचं?" मी म्हणालो, दोघांचं. म्हणाला, एकच अंगण हाय, मधी काट्या घातल्यात. चालता चालता त्यानं आपण होऊन सांगितलं, की गावात विहिरीत माणूस उतरवायचा असला तर थोरल्याला दोर धरू देत नाहीत. "पोरंसुदिक म्हनत्यात, त्याच्या हातात दोर नगं."

थोरला घरी होता. केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. आदल्या संध्याकाळी नाडा झिजलेला मला दिसला होता, आणि तरी मी तुला बघू दिला नाही.

त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी बगितलाय म्हनला हुता, तवा मला वाटलं नीट नसंल बगितला. बगूनच गप हुता व्हय." त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मला सांगून काय उपेग? माजी नजर न्हवती कच्ची, एवडं मला ठावं हाय. ज्याला ठावं न्हाई त्याला सांगा." आणि त्यानं काट्यांच्या पलीकडे हनुवटी केली.

पलीकडे धाकटा लोकर कातत बसला होता. कुबडी भिंतीला टेकलेली. त्यालाही मी सगळं सांगितलं. त्याची टकळी फिरायची थांबली नाही. संपल्यावर त्यानं विचारलं, "पर त्यो हसला हुता का न्हाई?"

"हसला होता. सगळे हसले होते. तूही."

"व्हय," तो म्हणाला. "मीबी हसलो हुतो." मग टकळी थांबली. "इतकी सालं मी त्याला म्हनतोय, तू हसलास, तू हसलास." टकळी खाली ठेवून म्हणाला, "हे गावाला सांगा, वरशेर. मला एकट्याला सांगून मी कुनाला पटवू?"

संध्याकाळी पारावर माणसं जमली होती. मी उभा राहिलो आणि बोललो. वैरी आणला नाही. पूल आमचा होता, नाडा आमच्या कोठीत होता, बघितला मी, आणि गप्प मी राहिलो. पहिल्या सकाळी कुणी हललं नव्हतं, तसंच आताही झालं. मग एक म्हातारा फार मायेनं म्हणाला, "वरशेर, तुमी भला मानूस. त्याची दया आली म्हनून सोताच्या अंगावर घेताय." दुसरा म्हणाला, "व्हय की. तुमी सांगितल्यालं आमी ऐकून हाय. दूरवर नाव हाय तुमचं." आणि माणसं उठून चालू लागली. माझी चांगली गोष्ट माझ्या खऱ्या गोष्टीच्या आड आली होती.

थोरला पाराच्या मागे उभा होता. म्हणाला, "राहू द्या. बोलून हुतंय का."

मी त्याच्याकडेच मुक्काम केला. सकाळी गावच्या विहिरीतला गाळ काढायचं काम होतं. माणसं जमली, चाकावरून दोर सोडला, आणि पहिला कोण उतरणार यावर थट्टा चालली होती. मी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि म्हणालो, "मी उतरतो. दोर यानं धरायचा."

कुणीतरी हसलं. मुलं पुढं आली. थोरला म्हणाला, "खुळं हाय का तुमी?" मी तसाच उभा राहिलो. शेवटी तो पुढं आला, चाकावरचा दोर खाली ओढून घेतला आणि पहिल्या टोकापासून हातातून पुढं सरकवायला लागला, वाव वाव करत. बोटांनी पीळ दाबून बघायचा, उजेडाकडे धरायचा, पुढं जायचा. वेळ लागत होता. ऊन अंगावर यायला लागलं होतं.

"आरं, आटप की गड्या," एकजण म्हणाला. "सायेब सुकून जातील."

मला घाई नव्हती. एका जागी तो थांबला, तेवढा भाग कापून काढला, नवी गाठ मारली, ती स्वतः लोंबकळून बघितली. मग दोर माझ्या बगलांखालून बांधला, स्वतःच्या कमरेला वेढा घेतला आणि दगडाला पाय लावून बसला.

"घ्या," तो म्हणाला.

मी काठावरून पाय सोडले. वरून तोच म्हातारा म्हणाला, "खाली वैरी भेटला तर रामराम सांगा." लोक हसले. थोरला हसला नाही, त्याचं लक्ष दोराकडे होतं. दोर एकसारखा सुटत होता, कुठं हिसका नाही. विहिरीची भिंत जवळून वर सरकत होती, ओली, शेवाळाची. पायाला गार चिखल लागला. वर बघितलं तर आभाळाचा लहानसा गोल, त्यात काठाला वाकलेली डोकी, आणि त्यांच्यामध्ये पुढं आलेलं कुबडीचं टोक.

"लागला का तळ?" थोरल्यानं विचारलं.

"लागला," मी म्हणालो. वर कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. माझा आवाज मुळात लहान. सगळ्यांना ऐकू जाईल असा मग मी तो काढला.